शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : दहावीनंतर थांबलेले नागरिकशास्त्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्रौढ नागरिकांसाठी देशाच्या व गावाच्या कारभाराची माहिती देणारी मराठी पुस्तिका काढण्याबाबत.

महोदय,

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मी पस्तीस वर्षे नोकरी केली. भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका याच प्रेसमध्ये छापल्या जातात, त्यामुळे माझ्या मुलीचा पासपोर्टही इथलाच होता. तो आता रद्द झाल्याचा शिक्का घेऊन आमच्या कपाटात, तिच्या शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवलेला आहे. तिने ब्रिटनचे नागरिकत्व घेतले, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारताचे संपते. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मी लिहितो आहे ते तिला त्याआधी द्याव्या लागलेल्या परीक्षेमुळे सुचलेल्या एका गोष्टीबद्दल.

ब्रिटनमध्ये कायमचे राहू इच्छिणाऱ्याला ‘लाइफ इन द यूके’ नावाची परीक्षा द्यावी लागते. पंचेचाळीस मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे आणि १८ बरोबर आले की उत्तीर्ण. प्रश्न सरकारी पुस्तकातूनच येतात, म्हणून मुलगी महिनाभर रोज रात्री ते पुस्तक घेऊन बसत असे आणि व्हिडिओ कॉलवर मला उत्तरे म्हणून दाखवत असे. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या मलाही तेव्हाच पाठ झाल्या. त्याच पुस्तकात शेख दीन महोमेत हे नाव निघाले. बंगाल प्रांतातून गेलेल्या या माणसाने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी कॉफी हाउस काढले होते. आपल्या देशातल्या माणसाची माहिती आम्हा बापलेकींना परक्या देशाच्या परीक्षेमुळे व्हावी, याचे तेव्हा हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

ही गोष्ट मी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली. (नाशिककर या मैदानाला अजून गोल्फ क्लबच म्हणतात, नाव ज्यांचे आहे त्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरातल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आमच्यातल्या दोघांना ठाऊक नव्हते.) आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मनावर घेतले आणि २०२४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी आपल्याच देशावरची, आपल्याच शहरावरची २४ प्रश्नांची पत्रिका लिहून आणली. जॉगिंग ट्रॅकच्या कडेला बाकावर, गुडघ्यावर वही ठेवून, आम्ही आठ जणांनी ती सोडवली. बाईंनी घड्याळ लावले होते आणि शेजारच्याच्या वहीत डोकावणाऱ्याला त्या शाळेतल्यासारख्याच दटावत होत्या.

आठपैकी तिघे उत्तीर्ण झाले. मला १५ गुण मिळाले, म्हणजे ब्रिटनच्या नियमाने मी माझ्याच देशात नापास झालो.

चुका कोणत्या झाल्या ते सांगतो, कारण या पत्राचा मुद्दा त्यांतच आहे. मूलभूत हक्क किती, याचे उत्तर मी सात लिहिले आणि त्यात मालमत्तेचा हक्क घातला. शाळेत आम्ही सातच पाठ केले होते. परंतु १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तो आता केवळ कायदेशीर हक्क आहे आणि मूलभूत हक्क सहा उरले आहेत. मूलभूत कर्तव्ये माझ्या पुस्तकात नव्हतीच. मी १९७६ साली दहावी झालो आणि ती कर्तव्ये त्याच वर्षाच्या ४२ व्या दुरुस्तीने आली. आधी दहा होती, २००२ मध्ये अकरावे जोडले गेले. भारताची राष्ट्रभाषा हिंदी, असे सहा जणांनी ठामपणे लिहिले. संविधानाने हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे, राष्ट्रभाषा कोणत्याही भाषेला म्हटलेले नाही. यावर बाकावर जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

सगळ्यात बोलका होता तो पाचवा प्रश्न : आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण? आठही जणांनी उत्साहाने नावे लिहिली आणि आठही जण चुकले. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता आणि त्या दिवशी शहरात एकही नगरसेवक नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे पालिकेची निवडणूक तिची मुदत संपण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी. निवडणूक का लांबली हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आपल्या खात्याचाही नाही. पण अशी तरतूद आहे हे माहीत असलेला एकही माणूस आमच्या बाकावर नसेल, तर निवडणूक कधी, हे विचारणार तरी कोण?

यातून मला एवढे कळले की आमच्यापैकी कोणीही अडाणी नाही. आमचे नागरिकशास्त्र दहावीच्या शेवटच्या पेपरला थांबले. १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली, २०२३ मध्ये १०६ वी झाली. मधल्या काळात मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले, ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले, २००५ चा माहितीचा अधिकार आला. हे सारे आम्हाला वर्तमानपत्रांतून तुकड्यातुकड्यांनी कळले किंवा कळलेच नाही. आजच्या मुलांचेही वेगळे होणार नाही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा एकच पेपर असतो, त्यात राज्यशास्त्र शेवटी येते आणि मुले ते आदल्या रात्रीवर सोडतात.

येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. नागरिकांची परीक्षा घ्यावी, अशी माझी मागणी मुळीच नाही, आणि कोणी तसे सुचवले तर माझा विरोध राहील. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरतेच्या चाचण्या लावून कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात असे आणि त्याला खरा आळा १९६५ च्या कायद्याने बसला. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती, तरीही पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि ज्याला नाव वाचता येत नव्हते त्याच्यासाठी निवडणूक चिन्हे होती. परदेशी माणसाला भारताचे नागरिकत्व देतानाही आपला कायदा आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो, सामान्यज्ञानाची परीक्षा मागत नाही. हे शहाणपण आहे आणि ते तसेच राहावे. ब्रिटनच्या परीक्षेवरही तिथल्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने २०२२ मध्ये टीका केली आहे, आणि राण्या मोजून माणूस चांगला नागरिक होत नाही हे मुलीच्या अभ्यासात मीही पाहिले.

मला हेवा वाटतो तो परीक्षेचा नव्हे, पुस्तकाचा. परक्यासाठी त्या सरकारने आपल्या देशाची ओळख एका पुस्तकात बसवली आहे, आणि आम्हा जन्मापासूनच्या नागरिकांच्या हाती शाळा सुटल्यानंतर तसे काहीच पडत नाही. म्हणून विनंती अशी की, बालभारतीने शंभरेक पानांची, सोप्या मराठीतली पुस्तिका तयार करावी, ती बारावीच्या गुणपत्रिकेसोबत विनामूल्य द्यावी आणि शाळा लवकर सुटलेल्यांसाठी ग्रामपंचायतींत व वाचनालयांत ठेवावी. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथे पन्नास प्रती ठेवल्या तरी सुरुवात होईल. पुस्तिकेत हक्क आणि कर्तव्ये असावीतच, पण तलाठ्याकडे काय मागायचे आणि महापालिकेकडे काय, ग्रामसभेत कोण बोलू शकतो, माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढचे अपील कोठे करायचे, हेही असावे. प्रत्येक जिल्ह्याची चार पाने वेगळी छापावीत. आणि दर पाच वर्षांनी ती दुरुस्त व्हावी, नाहीतर पुढची पिढीही माझ्यासारखे सात हक्क लिहील.

बाईंची प्रश्नपत्रिका सोबत जोडली आहे. उत्तरे मुद्दाम जोडलेली नाहीत. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पाचव्या प्रश्नाला आता उत्तर आहे, आणि आमच्याकडे एका प्रभागातून बहुधा चार जण निवडून येत असल्यामुळे बाईंनी त्यापुढे चार रेघा ओढल्या आहेत.

आपला विश्वासू,
शरणपूर रोड, नाशिक येथील एक निवृत्त प्रेस कामगार