रातांबा एक, वर्ग पाच

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
नवी दिल्ली

विषय: ट्रेडमार्क अर्जातील मालाची वर्गवारी, आणि देशी मालाची यादी भारतीय भाषांत प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

ट्रेडमार्कच्या नोंदणीचा टीएम-ए हा अर्ज भरताना छोटा उत्पादक नाव आणि लोगो दहादा तपासतो. ज्या रकान्यावर पुढच्या संरक्षणाची सगळी मदार असते, तो रकाना मात्र ओळखीच्या कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून उतरवला जातो. हा रकाना म्हणजे मालाचा वर्ग आणि मालाचे वर्णन. नोंदणी नावाला मिळते असे लोक समजतात. प्रत्यक्षात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २८ नुसार नाव वापरण्याचा हक्क मिळतो तो अर्जात लिहिलेल्या मालापुरताच. माल चुकला की नोंदणीचा कागद हातात असूनही हक्क दुसऱ्याच वस्तूवर बसलेला असतो.

आपल्याकडे नाइस ही माल आणि सेवांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी चालते. एकूण ४५ वर्ग: १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. फ्रान्समधल्या नाइस शहरात १९५७ साली झालेल्या या कराराचा भारत ७ सप्टेंबर २०१९ पासून सदस्य आहे. वर्गवारीचे मूळ तत्त्व सोपे आहे. तयार वस्तू तिच्या कामावरून किंवा उपयोगावरून ठरते, कच्चा माल तो कशाचा आहे यावरून ठरतो. अडचण येते ती आपल्या स्वयंपाकघरातली, देवघरातली आणि शेतातली वस्तू या चौकटीत बसवताना.

कोकणातल्या एखाद्या घरगुती उद्योगाचे उदाहरण घ्या. ताजा रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, ३१ व्या वर्गात, कारण तो प्रक्रिया न केलेला शेतमाल. त्याचीच साल रसाचे पूट देऊन वाळवली की आमसूल होते, आणि वाळवलेले फळ म्हणून ते २९ मध्ये जाते. कोकम सरबत ३२ मध्ये. बियांपासून काढलेले कोकमतेल खाण्यासाठी विकले तर खाद्य तेल-तुपाबरोबर २९, त्याचा साबण किंवा ओठांना लावायचा बाम केला तर ३, आणि भेगांवरचे औषधी मलम म्हणून विकले तर ५. झाडाखाली वेचलेल्या एका फळाचे हे पाच वर्ग. आता आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे काय? पाणी घालून पिण्याचा अर्क म्हणून तो ३२ मध्ये बसतो, आमटीला आंबटपणा आणणारा पदार्थ म्हणून ३० कडे झुकतो. बाटली तीच असते. अर्जदाराने कोणता उपयोग लिहिला त्यावर वर्ग ठरतो, आणि हे त्याला सांगणारे कुणी नसते.

आंब्याचेही तसेच. हापूसची पेटी ३१, डबाबंद रस २९, आंबापोळी २९, पिण्याचा तयार मँगो ज्यूस ३२, आंबाबर्फी आणि आइस्क्रीम ३०. टोमॅटोत तर भलेभले चुकतात: टोमॅटोची प्युरी २९, सॉस ३०, पिण्याचा रस ३२.

लोणचे २९ मध्ये आणि चटणी ३० मध्ये, हे माहीत नसल्यामुळे होणारी चूक बहुधा सर्वांत जास्त आढळते. लोणचे म्हणजे टिकवलेले फळ किंवा भाजी, चटणी म्हणजे तोंडी लावणे, असा हा भेद आहे. मसाले, गूळ, मध, पोहे, पीठ ३० मध्ये. तूप, ताक, भाजलेले शेंगदाणे, बटाट्याचे आणि केळ्याचे वेफर्स, सुकट २९ मध्ये. ‘लोणची-मसाले’ असा एकच शब्द आपण रोज वापरतो, पण अर्जात त्याचे दोन वर्ग आणि दोन शुल्के होतात. पापडाला तर एक उत्तरच देता येत नाही. तांदळाच्या पदार्थांची जागा ३० मध्ये आहे, बटाट्याच्या चकत्यांची २९ मध्ये. त्या तर्काने तांदळाचा पापड आणि बटाट्याचा पापड वेगळ्या घरी जायला हवेत. मग फणसाचा पापड कुठे, आणि चार पिठे एकत्र केलेला पापड कुठे? ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाने एकदा असे आणि एकदा तसे धरले तर अर्जदाराने दाद कशाच्या आधारावर मागायची? कलम ७ (२) नुसार वर्गाबाबत ट्रेडमार्क निबंधकांचा (रजिस्ट्रारचा) निर्णय अंतिम असतो. निर्णय अंतिम असेल तर तो आधी सर्वांना माहीत असणे हा साधा न्याय झाला.

खाद्यपदार्थांबाहेर गेलो तर गणेशमूर्ती घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची, लाकडाची, मेणाची किंवा प्लास्टिकची मूर्ती २० मध्ये. दगडाची, संगमरवराची १९ मध्ये. पितळेची ६, चांदीची १४, कागदाच्या लगद्याची १६, भाजलेल्या मातीची किंवा चिनी मातीची २१. आणि शाडूची? शाडूची मूर्ती भाजत नाहीत, उन्हात वाळवतात. वर्गवारीत मातीच्या मूर्तींसाठी जे शब्द आहेत ते भट्टीतल्या मातीचे आहेत. प्लास्टर सोडून शाडूकडे वळा असे आपण सगळेच मूर्तिकारांना सांगतो. त्या वळणावर आपल्या कार्यशाळेचे नाव जपू पाहणाऱ्या पेणच्या मूर्तिकाराला त्याच्या मातीचा वर्ग ठामपणे सांगता येऊ नये, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

इतर ठिकाणच्या चुका ठरलेल्या आहेत. साधा प्रेशर कुकर २१, विजेवरचा ११. मिक्सर ७, पण हाताने फिरवायचा रगडा २१. चमचे स्वयंपाकघरातले असूनही जेवणाच्या टेबलावरचे म्हणून सुरी-काट्यांबरोबर ८. अगरबत्ती ३, डास पळवणारी अगरबत्ती ५. सोलापुरी चादर आणि टॉवेल २४, साडी आणि कोल्हापुरी चप्पल २५. शेतीमाल पुरवणाऱ्याला बियाणे ३१, खत १, कीटकनाशक ५ असे तीन वर्ग लागतात, आणि ‘कृषी उत्पादने’ म्हणून तो एकट्या ३१ मध्ये अर्ज करून मोकळा होतो. गिरणीत दुसऱ्याचे दळण दळून देणे ही ४० मधली सेवा, स्वतःचे पीठ पाकिटातून विकणे हा ३० मधला माल. मसाला बनवणारा फक्त ३५ मध्ये अर्ज करतो तेव्हा त्याला दुकानदारीच्या सेवेचे संरक्षण मिळते, मसाल्याचे पाकीट उघडेच राहते.

चूक झाल्यावर काय होते, ते इथे नीट मांडायला हवे. वर्गाचा क्रमांक चुकला पण वर्णन स्पष्ट असेल, उदाहरणार्थ ३० मध्ये ‘आंब्याचे लोणचे’ लिहिले असेल, तर टीएम-एम अर्ज आणि ऑनलाइन ९०० रुपये भरून क्रमांकाची दुरुस्ती मागण्याला जागा असते. वर्णनच चुकले असेल तर मात्र वाट बंद. ट्रेडमार्क नियमांतील नियम ३७ नुसार मूळ अर्जात नसलेला माल नंतर घुसवता येत नाही. नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवी तारीख. नोंदणीचा हक्क अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे मधल्या काळात दुसऱ्याने त्याच नावाचा अर्ज टाकला असेल तर आधीच्या वापराचे पुरावे काढत बसावे लागते. घरगुती उद्योगाकडे जुनी बिले आणि छापील वेष्टणे क्वचितच जपलेली असतात. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो की क्रमांकापेक्षा वर्णनावर वेळ घालवा. वस्तूचे रूढ नाव, ती कशाची बनते, कोणत्या रूपात विकली जाते आणि कशासाठी वापरतात, हे चारही लिहा. ‘आमसूल, म्हणजे वाळवलेली कोकमाची साल, स्वयंपाकासाठी’ हे चांगले वर्णन. ‘खाद्यपदार्थ’ हे वर्णनच नव्हे.

भीतीपोटी काही जण उलट टोकाला जातात आणि ‘या वर्गातील सर्व माल’ असे लिहितात. तेही टिकत नाही. हैदराबादच्या ‘चारमिनार’ प्रकरणात कंपनीची नोंदणी तंबाखूच्या तयार मालासाठी होती, वापर मात्र सिगारेटींपुरता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नोंदणी सिगारेटींपुरती मर्यादित करणे योग्य ठरवले आणि जर्दा-किवाम हे तंबाखूचे पदार्थ करणाऱ्याचा मार्ग मोकळा झाला. २०१८ च्या ‘नंदिनी’ निकालातही न्यायालयाने हेच सांगितले की दूध आणि दुधाचे पदार्थ विकणाऱ्याला त्या वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर मक्तेदारी मिळत नाही. शिवाय नोंदणीनंतर पाच वर्षे आणि तीन महिने नाव त्या मालावर वापरले नाही तर कलम ४७ खाली ते काढून टाकण्याची मागणी करता येते.

पैशांचा हिशोबही आपल्यासमोर असावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. वर सांगितलेल्या कोकम उद्योगाचे पाच वर्गांचे २२,५०० रुपये होतात. लघुउद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी नसलेल्या बचत गटाला हाच आकडा ४५,००० वर जातो. दहा वर्षांनी नूतनीकरण करताना तर सवलतच नाही, प्रत्येक वर्गाला सरसकट ९,०००. पैसे वाचवण्यासाठी लोक एकच वर्ग निवडतात, आणि तो चुकीचा निघतो. जे सगळे वर्ग एकाच अर्जात घालतात त्यांची वेगळी कोंडी होते: एका वर्गात हरकत आली की अर्जाचे विभाजन करून घेईपर्यंत बाकीचे वर्गही अडकून पडतात.

महोदय, यातल्या सर्वांत मोठ्या अडचणीवरचा उपाय आपल्याच नियमांत लिहिलेला आहे. २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांतील नियम २० (२) सांगतो की निबंधकांनी मालाची वर्गवार आणि अकारविल्हे सूची प्रसिद्ध करावी, आणि त्यात भारतीय मूळ असलेला माल व सेवाही असाव्यात. ही सूची मराठी, कोंकणी आणि इतर भारतीय भाषांत, लोक वापरतात त्या नावांनी मिळावी, ही आमची मुख्य मागणी आहे. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो, ते ठीक. पण आपला माल कुठे बसतो हे शोधताना माणूस ‘कुरडई’, ‘सांडगे’, ‘मेतकूट’, ‘भाजणी’, ‘काकवी’, ‘उटणे’, ‘गोधडी’, ‘समई’ हेच शब्द टाकणार. प्रत्येक नावापुढे एक क्रमांक पुरणार नाही, अटही हवी. ‘आगळ: पेयासाठी असल्यास अमुक, स्वयंपाकासाठी असल्यास तमुक.’ ‘गणेशमूर्ती: पुढील पदार्थानुसार.’ मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे अर्ज येतात. वर्षानुवर्षांच्या परीक्षण अहवालांत, म्हणजे अर्ज तपासून दिलेल्या शेऱ्यांत, या नावांवर घेतलेले निर्णय तिथे पडून आहेत. ते एकत्र केले तर यादीचा पहिला मसुदा तयार होईल.

दुसरे म्हणजे, वर्णन बरोबर आणि फक्त क्रमांक चुकीचा असेल तर अर्ज दाखल झाल्यावर ठरावीक मुदतीत विनाशुल्क दुरुस्ती मिळावी, मूळ तारीख कायम ठेवून. आज ही चूक परीक्षण अहवालात कळते, आणि अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिलेला समजला जाऊ शकतो. गावातल्या उद्योगाचा ईमेल पत्ता अनेकदा सायबर कॅफेवाल्याचा असतो. महिना तिथेच संपतो.

शोधाची सोयही वर्गाला बांधलेली नको. अर्जापूर्वी नावाचा शोध घेताना वर्गाचा क्रमांक द्यावा लागतो. ३० मध्ये नाव मोकळे दिसले म्हणून चटणीवाला निर्धास्त होतो आणि २९ मध्ये त्याच नावाचे लोणचे आधीच नोंदलेले असते. माल सारखा आहे की नाही हे वर्गाच्या क्रमांकावरून ठरत नाही, मग शोधाची पद्धत लोकांना तसे मानायला का लावते? निदान २९, ३०, ३१, ३२ आणि ४३ हे खाण्यापिण्याचे वर्ग एका वेळी शोधता यावेत.

शुल्काच्या सवलतीत बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि लघुउद्योगांना नूतनीकरणातही सवलत मिळावी.

नाइस वर्गवारी वेळोवेळी बदलते, हेही लक्षात घ्यावे. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या तेराव्या आवृत्तीत चष्मे ९ मधून १० मध्ये गेले. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी कोणता माल कुठून कुठे गेला आणि जुन्या नोंदणीधारकाने काय करायचे किंवा काही करायचे नाही, याची एक पानी सूचना सर्व भारतीय भाषांत त्याच दिवशी निघावी. देशी मालाच्या यादीचा मसुदा निघाल्यास महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वस्तूंची नावे, त्यांची घडण आणि उपयोग यांची टिपणे करून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

आपले,
ट्रेडमार्क अर्जांचे काम करणारे काही जण