मुर्तनच्या फांजीवरून

बर्न, १४ जून

प्रिय मेधा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आईकडून कळलं. फोनवर तुला फार बोलायला लावायचं नाही असं काकूंनी बजावलंय, म्हणून पत्रच लिहितेय. पाय उशीवर ठेव आणि निवांत वाच.

गेल्या रविवारी मी एकटीच मुर्तनला जाऊन आले. ऑफिसातली मंडळी बर्फाचे डोंगर बघायला निघाली होती, चल म्हणून आग्रहही केला. पण अगं, बर्नपासून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत आख्खा तट शाबूत असलेलं गाव आहे हे कळल्यावर मी दुसरीकडे कशी जाणार? तूही गेली नसतीस.

गाव लहानसं आहे. एका उंचवट्यावर वसलेलं, खाली तळं, आणि तळ्यापलीकडे वुलीचा डोंगर, उतारावर द्राक्षमळे. बाराव्या शतकात त्सेरिंगन घराण्याच्या सरदारांनी ते वसवलं. १४१६ मध्ये आग लागून बेचिराख झालं, तेव्हापासून घरं दगडात बांधली. वाड्याच्या बाजूनं आत शिरलं की एकच रुंद पेठ सरळ दुसऱ्या टोकाच्या वेशीपर्यंत जाते. वेशीच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. दोन्ही बाजूंना कमानींच्या पडव्या, त्यांच्या आत दुकानं. इथली बरीच माणसं जर्मन बोलतात, फ्रेंचवाले याच गावाला मोरा म्हणतात, पाट्या दोन्ही भाषांत. पेठेत मी फार रेंगाळले नाही. जीव तटाकडे ओढत होता.

जर्मन चर्चच्या मागून जिना चढला की आपण थेट फांजीवर, तटावरच्या पहाऱ्याच्या वाटेवर. तिकीट नाही, पहारेकरी नाही. आणि मेधा, फांजीवर छप्पर आहे! लाकडी तुळया, त्यावर कौलं, पायाखाली फळ्या. आपल्याकडे पावसात शेवाळलेल्या तटावरून जीव मुठीत धरून चालतो, तिथे हे लोक पहारा देताना कोरडे राहायचे. वासे काही ठिकाणी इतके खाली आलेत की मला वाकावं लागलं. हात लावून पाहिलं, लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालंय. एका अंगाला जंग्या, म्हणजे बाहेर मारा करायची भोकं, दुसऱ्या अंगाला गावाची उतरती छपरं, धुराडी, परसबागा आणि त्यांच्या पलीकडे निळं तळं. तू राजगडावर शिकवलं होतंस तशी प्रत्येक जंगीला डोळा लावून पाहिली, कुठून काय टप्प्यात येतं ते. कुणी घाई करायला नव्हतं. पुढच्या बुरुजापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

या तटानं काय पाहिलंय ते सांगते, कारण ते वाचूनच मी गेले होते. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स, युरोपातल्या बड्या श्रीमंत सत्ताधीशांपैकी एक. १४७६ च्या फेब्रुवारीत त्यानं ग्रँसोनचा किल्ला घेतला आणि शरण आलेल्या चारशेच्या वर स्विस शिबंदीला फासावर दिलं, काहींना तिथल्या तळ्यात बुडवलं. मार्चमध्ये स्विसांनी त्याला तिथेच हरवलं. तो पुन्हा फौज जमवून ९ जूनला मुर्तनला येऊन बसला. वेढ्यात आत जेमतेम दोन हजार माणसं, आणि त्यांचा सरदार आद्रियान फॉन बुबेनबेर्ग. हा माणूस मला फार भावला. बर्गंडीशी वैर नको असं तो म्हणायचा, म्हणून बर्नच्या सभेतून त्याला आधीच्या वर्षी काढून टाकलं होतं. आणि संकट आल्यावर त्यालाच बोलावलं. तो आला! अपमान मनात धरून घरी बसला असता तर कोण काय म्हणणार होतं? तोफांनी तट फोडला, वेढेकऱ्यांनी हल्ले केले, तरी गाव पडलं नाही.

२२ जूनला सकाळी पाऊस होता. स्विसांची कुमक आलीय हे चार्ल्सला ठाऊक होतं. त्याची फौज पावसात तासन् तास उभी राहिली, हल्ला काही येईना. शेवटी त्यानं बरीचशी माणसं छावणीत परत पाठवली, पगारवाटप सुरू झालं. आणि दुपारच्या सुमाराला जंगलातून स्विस बाहेर पडले. पुढे लढाई अशी राहिलीच नाही. ग्रँसोनचा सूड होता, कैदी घेतले नाहीत. तळ्याच्या बाजूला कोंडलेले हजारो लोक चिलखतांसकट पाण्यात शिरले आणि बुडाले. चार्ल्स निसटला, पण पुढच्या जानेवारीत नान्सीला मारला गेला.

तटावरून उतरून मी काठावर गेले. मुलं पोहत होती, कुणी सँडविच खात बसलं होतं. मला तिथे बसवेना. हातात पगार घेतलेला एखादा पोरगा डोळ्यांसमोर येत राहिला. आपण पानिपतच्या गोष्टी ऐकत वाढलो ना, हरलेल्यांच्या बाजूनं विचार करायची सवय लागलीय, आणि ती लागली याचं मला बरंच वाटतं. इथे मेलेल्यांची हाडं गोळा करून एक अस्थिघर बांधलं होतं, तीन शतकं ते टिकलं. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्यानं ते पाडलं. हाडं उघड्यावर पडली आणि लोक ती सुऱ्यांच्या मुठींसाठी न्यायला लागले. १८१६ मध्ये इंग्रज कवी बायरन इथे आला, त्यानंही थोडी नेली. मग १८२३ मध्ये तिथे स्मारकाचा दगडी स्तंभ उभा केला. आणखी एक गोष्ट: एकोणिसाव्या शतकात कालवे खणून या भागातल्या तळ्यांची पातळी सुमारे अडीच मीटर खाली आणली. म्हणजे त्या दिवशीचं पाणी आजच्यापेक्षा बरंच वर, गावाच्या बाजूला आलेलं होतं. मी उभी होते ती जागाही कदाचित पाण्याखाली असेल.

गावाला मात्र विजयाचा दिवस आजही मोलाचा आहे. दर २२ जूनला शाळेतली मुलं पांढरे कपडे घालून मिरवणूक काढतात, मुलींच्या केसांत फुलं असतात. ऑक्टोबरात मुर्तन ते फ्रिबूर अशी सतरा किलोमीटरची शर्यत होते. विजयाची बातमी घेऊन धावत गेलेल्या निरोप्याची आख्यायिका आहे, त्याच्या नावानं.

निघण्याआधी निडेलकूखन खाल्ला. हा इथला खास पदार्थ. आंबवलेल्या पिठाची चपटी पोळी, तिच्यावर साय ओतून भाजायची, पुन्हा साय, पुन्हा भाजायची. वरची साय करपून तपकिरी होते आणि खालची लुसलुशीत राहते. अगदी आपल्या खरवडीची चव! काकूंना सांग, त्यांना नक्की जमेल.

तटाचे फोटो घरी पाठवलेत, आईला म्हटलंय मोठ्या आकारात छापून तुझ्याकडे दे. सातव्या फोटोत जंगीची आतली बाजू आहे. तिचा उतार बघ आणि तोफेसाठी नंतर रुंद केलीय का ते सांग, मला तसं वाटतंय पण खात्री नाही. फिजिओथेरपी टाळू नकोस. मी डिसेंबरात येतेय, तोवर पायऱ्या चढायला लाग. काकांना नमस्कार.

तुझीच,
वैशाली