दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं, फेलोशिपचं काय?

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

'पीएच.डी.ची थकलेली सगळी फेलोशिप दिवाळीच्या आत जमा होईल,' असं तुमच्या एका साहेबांनी ऑगस्टमध्ये आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. काल पुण्याहून, फेलोशिप देणाऱ्या संस्थेकडून उत्तर आलं: प्रगती अहवालावर मार्गदर्शकांची सही काळ्या शाईत आहे, निळ्या शाईत घेऊन तीन प्रतींत पुन्हा पाठवा. (संस्थेचं नाव लिहीत नाही. हप्ता अजून त्यांच्याच हातात आहे.)

महिन्याला 37,000 प्रमाणे 11 महिन्यांचे 4 लाख 7 हजार झाले, घरभाडे भत्ता वेगळाच. हा दर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा), 1 जानेवारी 2023 पासूनचा. उपकार नव्हेत.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगावर काम करते. ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीचे पैसे वडिलांनी माझ्या म्हसरूळच्या खोलीभाड्याला दिले आणि साठीत स्वतः कात्री घेऊन बागेत उतरले. पोरगी डाऊनीवर पीएच.डी. करतेय आणि बापाच्या फवारण्या उधारीवर चालल्यात. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात हे लिहावं की काय, या विचारात आहे.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेचं काम देता येतं. मी सोळा तास घेते. एफवायची प्रॅक्टिकल्स, जर्नल तपासणं, वर सुपरव्हिजन. मोबदला? 'तुला अनुभव मिळतोय ना!' आमच्या मेसच्या मावशी अनुभव घेत नाहीत, फोनपे घेतात.

आमच्या विभागात सहापैकी चार पदं रिकामी आहेत. 2,088 प्राध्यापकांच्या भरतीचं तर ऐकूनच इतकी वर्षं झाली, की माझ्या सीनियर दादांचे केस पांढरे झाले आणि ते अजून तासिका तत्त्वावरच आहेत. केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षा पास नसलेल्या संशोधकांनाही महिन्याला निदान 8,000 मिळतात. आम्ही राज्य विद्यापीठवाले बहुधा हवा खाऊन जगतो.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विचारलं गेलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? इथे कुंभमेळ्यासाठी गोदाघाटावर हवे तेवढे दिवे लागतील. त्या फायलींवर सही कुठल्या शाईत आहे, हे कोण बघतं?

थकबाकी द्या आणि शिकवलेल्या तासांचे पैसे द्या. बाकी काही मागत नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, नाशिक

ता.क. या पत्राखालची सही निळ्या शाईत आहे. प्रती तीन.