अण्णांचा फलक आणि 'मोदक'

सातारा,
रविवार रात्र

प्रिय बंडोपंत,
सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष पत्र नाही, हा दोष सर्वस्वी माझा. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. आज लिहितो आहे, कारण पाट्या रंगवणारे आपले अण्णा गेले, आणि त्यांच्या श्रद्धांजलीच्या फलकाबाबत माझ्या हातून जे झाले, ते इथे कुणाला सांगितले तर 'फॉन्टच तर आहे' म्हणून हसतील.

अण्णा गेले त्या रात्री चौकातल्या फ्लेक्सचे काम अर्थातच माझ्याकडे आले. संगणकावर एका बारशाचा फ्लेक्स उघडाच होता, 'मोदक' या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, बसवलेला. मी त्याच चौकटीत मजकूर बदलला, गुलाबीचा काळा रंग केला आणि छपाईला पाठवून दिला. सकाळी रस्त्यापलीकडे उभा राहून, पाटी रंगवून झाल्यावर अण्णा डोळे बारीक करून पाहत तसे पाहिले आणि पोटात गोळा आला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरे अशी गुबगुबीत, की मध्ये फोटो नसता तर लोक पेढे मागायला आले असते.

यात टंकाचा दोष नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या टंक घडवणाऱ्या संस्थेने तो काढला आहे तोच मुळी अक्षर इतके फुगवून, की आतल्या पोकळीची नुसती रेघ उरावी. ही गंमत मोठ्या आकारातच खुलते, आणि आइस्क्रीमच्या गाडीला किंवा मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला ती शोभून दिसते. मी मात्र खालची शोकाकुलांची नावेही त्यातच बसवली, तीही बारीक. सगळ्या 'क'च्या गाठी बुजल्या. 'द्धा'चे काय झाले ते विचारू नकोस. 'प्रसिद्ध मिसळ'च्या पाटीवर तू 'द्ध'चा गोळा केला होतास आणि मी महिनाभर गावाला तो दाखवत फिरलो होतो. तो हिशोब फिटला असे समज.

निदान 'एक टाइप'चाच 'बालू' हा टंक घ्यायचा होता, असेही मनात आले. त्याची नवी आवृत्ती पाच वजनांत मिळते, म्हणजे जाडी कमी करता येते. (त्याच्या बंगाली भावंडाचे नाव 'बालू दा', गुजरातीचे 'बालू भाई', तमिळचे 'बालू तंबी', अण्णांना हे फार आवडले असते.) पण तोही शेवटी हसराच. अण्णांच्या ब्रशने ओढलेली अक्षराची ती जाड दांडी आणि निमुळती होत जाणारी वेलांटी त्यात कुठून येणार?

तक्रार कुणीच केली नाही. अण्णांचा धाकटा तर म्हणाला, "छान झालाय काका, अण्णांसारखाच गोड." तेव्हापासून झोप नाही.

सूनबाईंची बदली झाली का? नव्या घराचे छत गळायचे थांबले का? वहिनींना नमस्कार सांग.

तेराव्यासाठी 4 बाय 3 फुटांचा पत्रा पांढरा रंगवून ठेवला आहे. शनिवारी ये. वेलांट्यांना माझा हात आता थरथरतो, त्या तू काढ. 'द्ध' मात्र मी काढीन.

तुझाच,
नाना