गुणाबरोबर अपायही छापा

मा. संपादक,
स. न.

सूज आणि दाह कमी करणारी नवी औषधे चिनी पारंपरिक वनस्पतींतून शोधली जात आहेत, अशा बातम्या वारंवार वाचनात येतात. माझ्यासारख्या संधिवाताच्या रुग्णासाठी हा जिव्हाळ्याचा विषय. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होतात. पोटाला कमी त्रास देणारी म्हणून गाजलेली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. नवे औषध हवेच आहे. पण वनस्पतीतून आले म्हणजे निर्धोक, हा सूर या बातम्यांत असतो आणि त्याची मला भीती वाटते.

लेइ गोंग तेंग ही वेल घ्या. चीनमध्ये २०७ संधिवाताच्या रुग्णांवर तिच्या अर्काची मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अर्क कमी पडला नाही. पण याच वेलीतले ट्रिप्टोलाइड हे द्रव्य यकृताला आणि मूत्रपिंडांना अपाय करते, पुरुषांची प्रजननक्षमताही घटवते. पेशीत जनुकांचा संदेश उतरवून घेणारी जी यंत्रणा असते, तिच्यातल्या एक्सपीबी या प्रथिनालाच ते घट्ट चिकटते. दाह भडकवणारी जनुके थंडावतात, पण निरोगी पेशींचे कामही अडते. गुण आणि विष एकाच जागेतून येत असल्यावर नुसती मात्रा कमी-जास्त करून भागत नाही. शांघायच्या संशोधकांनी म्हणूनच ट्रिप्टोलाइडच्या रेणूतच हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला. प्राण्यांवरील प्रयोगांत विषारीपणा बराच घटला आणि प्रतिकारशक्तीला आवरण्याचा गुण टिकला. या चिकाटीच्या कामाला बातम्यांत जागा मिळायला हवी.

वनस्पतीची ओळख चुकली तर काय होते, हे बेल्जियमने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिले. वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये फांगजी या औषधी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, कित्येकींवर डायलिसिसची वेळ आली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

म्हणून विनंती अशी, की प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर आणि यकृत-मूत्रपिंडांच्या तपासण्या किती काळ केल्या, एवढे तरी अशा प्रत्येक बातमीत द्यावे. आम्ही रुग्ण ते वाचून डॉक्टरांना विचारतो, आणि काहीजण न विचारताच कॅप्सूल मागवतात.

आपली,
संधिवाताची एक रुग्ण