सिनेमाला ४८ तास, आमच्या गेमला कोर्टाची पायरी

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेमच्या पायरसीबद्दल एक मागणी करायची आहे. आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. इंजिनिअरिंगला असताना मी खेळलो ते सगळे गेम मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरचे. शंभराच्या आत सीडी, झेरॉक्सचं कव्हर, आणि क्रॅक, म्हणजे गेमचं कुलूप तोडणारी फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचा ते विकणारा मार्करनं सीडीवरच लिहून द्यायचा. ही चोरी आहे हे कळत नव्हतं असं नाही. ओरिजिनल परवडत नव्हता आणि विचारणारं कोणी नव्हतं. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात रुपयात किमती दिसू लागल्या, तेव्हा मी आयुष्यातला पहिला गेम विकत घेतला. धाड पडली म्हणून नव्हे.

आता पुण्यात चारजणांच्या स्टुडिओत गेम बनवतो. केलेलं इथेच फेडावं लागतं म्हणतात, ते हे.

आमचा गेम विक्रीला आल्याच्या तिसऱ्या दिवशी मेल आला. चौथ्या लेव्हलला पूल ओलांडताना गेम बंद पडतो, सोबत स्क्रीनशॉट. अर्धा दिवस दोघंजण त्यामागे लागलो. मग कोपऱ्यातल्या व्हर्जन नंबरकडे लक्ष गेलं. तो बग आम्ही पहिल्याच संध्याकाळी काढला होता; विकत घेणाऱ्यांना अपडेट आपोआप गेला होता. याच्याकडे होती सकाळची क्रॅक कॉपी. मेलच्या शेवटी ‘सर, गेम भारी आहे, तेवढं फिक्स करा’. अशा मुलावर चिडायचं तरी कसं?

पायरसीनं गेमचा धंदा बुडतो का, यावर दोन्ही बाजूंनी आकडे फेकले जातात. युरोपियन कमिशननं करून घेतलेला ३०० हून अधिक पानांचा अहवाल २०१७ साली उजेडात आला. गेमची विक्री पायरसीमुळे घटते असा ठोस पुरावा त्यात नव्हता. उलट २०२४ मध्ये संशोधक विल्यम वोल्कमन यांनी डेनुवोचं, म्हणजे चोरटी कॉपी रोखणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरचं, कुलूप लावलेले गेम तपासले. पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटलं तर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास उत्पन्न जातं, बारा आठवड्यांनंतर तुटलं तर जवळजवळ काहीच जात नाही. मला दोन्ही पटतात. जुना गेम कोणी फुकट खेळला तर माझं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या दिवसांत, आणि डेनुवो घेण्याची ऐपत मोठ्यांचीच.

२०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ हा गेम बनवणाऱ्या दोघा भावांनी पहिल्या दिवसाचा हिशोब जाहीर केला होता: विकत घेतलेल्या २१४ प्रती, क्रॅक केलेल्या ३१०४. आता ते ३१०४ जण एरवी पैसे देणारच होते असं मी म्हणणार नाही. त्या वयात मीही दिले नसते. पण त्यातल्या दोन-तीनशेंनी जरी दिले असते, तर विक्री दुप्पट झाली असती.

२०२५ च्या मे महिन्यात मुंबईच्या ‘वेव्हज’ या मनोरंजन क्षेत्राच्या परिषदेत आपण गेमिंगला सिनेमाच्या मांडीला मांडी लावून बसवलंत. कायद्यात मात्र पंगत वेगळी. सिनेमाच्या चोरट्या प्रतीसाठी २०२३ पासून आपल्याच खात्यात नोडल अधिकारी, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेले अधिकारी, आहेत. तक्रार खरी निघाली की ४८ तासांत लिंक बंद. आमच्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ५२. लेखी तक्रार केली तर लिंक देणारा ३६ तासांत ती उतरवतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा चढवू शकतो. त्या २१ दिवसांत आम्ही बग काढायचे की वकील शोधायचा?

शिक्षेचं कलम मात्र हाताशी आहे. ६३-ब खाली, चोरीचा आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद; नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट दंडावर सोडू शकतं. कृपा करून त्याला धार लावू नका. मला तो ‘सर’ लिहिणारा मुलगा कोठडीत नकोय, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून हवाय.

मागणी एवढीच: गेम विक्रीला आल्यापासून पहिले बारा आठवडे लहान स्टुडिओंना त्याच नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करता यावी, आणि ४८ तासांची तीच मुदत लागू व्हावी. बंद करायची ती क्रॅक वाटणारी पानं, खेळणाऱ्यांची खाती नव्हेत. आणि हौसेनं मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल, बनवणाऱ्या पोरांना कृपया यात ओढू नये.

आमचा दुसरा गेम दिवाळीच्या आसपास येतोय. तोवर निदान एक फॉर्म तरी निघेल का?

आपला,
एक गेम प्रोग्रॅमर, पुणे