लंकेतले माकड आणि एकटे पडलेले वीजजाळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

9 फेब्रुवारी 2025 रोजी, रविवारी सकाळी, कोलंबोच्या दक्षिणेला पाणदुरा येथील वीज उपकेंद्रात माकड शिरले आणि अख्ख्या श्रीलंकेची वीज गेली, असे तिथल्या ऊर्जामंत्र्यांनीच सांगितले. आपल्याकडे त्यावर लंकादहनाचे विनोद पोटभर झाले. पण एका उपकेंद्रातल्या बिघाडाने सबंध देश बंद कसा पडतो, हे फारसे कुणी विचारले नाही.

सुट्टीचा दिवस, मागणी कमी, वर कडक ऊन. अशा वेळी छतांवरची सौर वीज भरपूर असते आणि पाण्यावर किंवा इंधनावर फिरणारी मोठी जनित्रे मोजकीच चालू असतात. जड जनित्र अचानक बसलेला धक्का क्षणभर स्वतःच्या वजनावर पेलते. नेहमीच्या सौर इन्व्हर्टरकडे ते वजन नसते. मग विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, 50 हर्ट्झवरून भराभर ढळते आणि एकामागून एक संच ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. त्या दिवशी नोरोच्चोलाईचे 300 मेगावॅटचे तिन्ही कोळसा संच बंद पडले. ते पूर्ववत होईपर्यंत भारनियमन करावे लागले.

श्रीलंकेची कमाल मागणी 3,000 मेगावॅटच्या आतली. एकटी मुंबई उन्हाळ्यात 4,000 ओलांडते! इतक्या लहान जाळ्यात 300 मेगावॅटचा एक संच गेला तरी दहावा हिस्सा गेला. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई ठप्प झाली, लोकल थांबल्या, पण पाठीशी देशभराचे जाळे होते. श्रीलंकेला शेजाऱ्याकडून एक युनिटही घेता येत नाही.

बाकी स्रोत बदलून तिथे बरेच पाहून झाले. अभियंता विमलसुरेंद्र यांनी 1918 मध्ये मांडलेली जलविद्युतेची कल्पना 1950 मध्ये लक्षपाना येथे प्रत्यक्षात आली. पुढे जवळपास सगळा देश पाण्यावरच चालला, तो 1996 च्या दुष्काळाने उघडा पाडला. मग कोळसा आला. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की नोरोच्चोलाईला कोळसा उतरवता येत नाही, त्यामुळे साठा आधीच करून ठेवावा लागतो. 2022 मध्ये तर तेल घ्यायला डॉलर नव्हते आणि 13-13 तास वीज नव्हती. आता सौर वाढली, तर एप्रिल 2025 मध्ये नववर्षाच्या सुट्टीत वीज मंडळाला छतावरचे संच दिवसा बंद ठेवा, अशी विनंती करावी लागली.

म्हणून एप्रिल 2025 मध्ये झालेला भारत आणि श्रीलंकेची वीजजाळी जोडणाऱ्या उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या (डीसी) वाहिनीचा सामंजस्य करार मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या वृत्तपत्रांत त्याला माकडाच्या निम्मीही जागा मिळाली नाही. भारतावर अवलंबून राहण्याची भीती तिथे आहे आणि ती अगदीच निराधार नाही: उत्तर श्रीलंकेतल्या मन्नार-पूनरीनचा अदानींचा पवनऊर्जा प्रकल्प निविदेविना दिला गेला, दरावरून वाद पेटला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीच बाहेर पडली. वाहिनीच्या बाबतीत दर आणि अटी पहिल्या दिवसापासून दोन्ही देशांत जाहीर ठेवाव्यात. शिवाय वाहिनी जमिनीवर आणि समुद्रात उभी राहायला वर्षे लागतील, तोवर बॅटरी साठवणूक आणि महा ओया येथील 600 मेगावॅटचा नियोजित उदंचन (जादा विजेने पाणी वर चढवून गरजेला त्यावर वीज करणारा) प्रकल्प यांना पर्याय दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त पारेषण अभियंता, डोंबिवली